घोडं कुठं पेंड खातं

मार्चच्या पहिल्या आठवड्यात हिलरी प्रॉसर
ट्रेलर घेऊन फाटकाशी आली,
इंजिन बंदही केलं नाही.
"दीड टन असेल. तुझ्या बटाट्यांना घाल."
ताडपत्रीच्या कडेनं वाफ निघत होती.
लेडबरीच्या त्या सकाळी तेवढं एकच काय ते गरम.

लीद सुरेख होती, खोटं का बोलू.
काळी, भुसभुशीत, मधेमधे पेंढ्याची काडी.
मूठभर घेऊन दाबली तर लाडू वळावा
आणि बोट लावताच फुटावा, अशी.

पण माझं अकरा एकर सेंद्रिय आहे,
इथं मातीच्या आधी फाइलला खत लागतं.
मी वही काढली.
जंताचं औषध शेवटचं कधी दिलं?
अंथरायला पेंढा की लाकडाचा भुसा?
आणि वैरण, हिलरी? वैरण कुणाच्या शेतातली?

आमच्यात म्हणतात, घोडं कुठं पेंड खातं ते आधी बघावं.
मी ते इंग्रजीत सांगायला गेले, फार वाईट सांगितलं.
ती म्हणाली, "पेंड नाही. बार्नबी गाजरं खायचा.
शेवटी शेवटी नुसत्या पेपरमिंटच्या गोळ्या."

खायचा.

मग तिनं इंजिन बंद केलं.
सत्तावीस वर्षांचा होता. जानेवारीत, जमीन दगड झालेली असताना
डॉक्टर आला, आणि नंतर एक लॉरी आली.
तबेल्यामागे हा ढीग तेवढा राहिला.

तिला म्हटलं, तीन आठवडे दे.
ट्रेलर तिच्याच काँक्रीटवर परत गेला
आणि मी तीन कुंड्या भरल्या:
एकीत माझं कंपोस्ट,
दोघींत माती आणि बार्नबी निम्मे निम्मे.
प्रत्येकीत घेवड्याचे चार दाणे.
खिडकीत ठेवल्या, चहाच्या डब्याशेजारी,
आणि मी, जी नवस बोलत नाही,
रोज पाणी घालताना दोन कुंड्यांशी जरा लाडानं वागले.

उगवले सगळे. पहिली दोन पानं सरळ.
तिसरं पान आलं ते
द्रोणासारखं आत वळून आलं.
चौथंही. शेंडा पिळलेला, कुणी कान धरल्यासारखा.
कंपोस्टातला घेवडा मात्र काठी मागत होता.

वैरण वूस्टरच्या बाजूची निघाली, दुष्काळी वर्षी विकत घेतलेली.
त्या शेतात काटेरी झुडपांवर औषध मारलेलं.
गवताला त्याचं काही होत नाही,
घोड्याला होत नाही,
ते पोटातून जसंच्या तसं बाहेर येतं
आणि घेवड्याची, टोमॅटोची, बटाट्याची वाट बघत बसतं.
इमानी जनावर.
खाल्ल्या गवताला असं जागलं.

कुंडी घेऊनच तिच्याकडे गेले.
तिनं चष्मा लावला, पान उलटं करून पाहिलं.
"म्हणजे त्यानं केलं हे?"
नाही, म्हटलं. त्याला कुणी विचारलं होतं?

गवताला चालतं ना, ती म्हणाली.
तुझ्या गवताला चालेल, माझ्या नाही.
मग तिच्याच कुरणात, कुंपणापलीकडे,
जिथं तो उभा राहून तास न् तास रस्ता बघायचा,
तिथं आम्ही दोघींनी काट्यांनी लीद पसरली.
मी फेकत होते. ती ठेवत होती.

मे महिन्यात इन्स्पेक्टर आले, मिस्टर ट्रेहर्न, बूट धुऊन.
"बाहेरून आणलेलं शेणखत?"
काही नाही, मी म्हटलं, आणि ते खरं होतं.
त्यांनी बरोबरची खूण केली, मग मान वर करून
कुंपणापलीकडे बघत राहिले:
कुरण एका पट्ट्यात गडद हिरवं,
आणि त्यात मधेमधे गठ्ठे,
न फोडलेले.
"नीट पसरलं नाही कुणी," ते म्हणाले.